चादर घरात वापरायची की द्यायची?

सोलापुरात चाटी गल्लीच्या दुकानात चादर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी तिचं टोक चिमटीत धरून चोळतं, मग घडी हातावर तोलतं. दुकानदारही लगेच घडी मोडतो. "बघा तर हात लावून, घेतलीच पाहिजे असं कुठंय?" धंदा कळतो त्याला. जोआन पेक आणि सुझान शू या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिलं, की वस्तूला नुसता हात लागला तरी ती आपलीच वाटू लागते आणि स्पर्श नकोसा नसेल, तर माणूस तिला किंमतही चढी लावतो.

हात फसतो मात्र सहज. पॉलिएस्टरचं केसाळ ब्लँकेट लगेच उबदार लागतं, कारण त्याचे मोजकेच तंतू त्वचेला टेकतात आणि मधली हवा हाताची उष्णता जाऊ देत नाही. सपाट विणीची सुती चादर अंगाला जास्त टेकते, म्हणून आधी गार लागते. रात्रभराचा हिशेब वेगळा. कापूस हवेतून स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा फरक पाठीला कळतो.

टॉवेलचं तर उलटंच. कोरा टॉवेल पुष्कळदा मऊ लागतो तो सिलिकॉनच्या सॉफ्टनरमुळे, आणि तेच पाणी टिपू देत नाही. दोन-तीनदा धुतल्यावर त्याचा खरा गुण कळतो.

मग जाड, जराशी खरबरीत सोलापुरी चादर लोकांना का आवडते? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये मांडलं होतं, की जे वारंवार समोर येतं ते आवडू लागतं. लहानपणापासून जी पांघरली, तिचा भार म्हणजेच पांघरूण, असं अंगवळणी पडतं. शिवाय जकार्ड मागावर विणलेल्या या चादरीच्या दोन्ही बाजूंना तीच नक्षी येते, फक्त रंगांची अदलाबदल होऊन. उलट-सुलटची भानगडच नाही.

आहेराच्या टॉवेल-टोपीला यातलं काहीच लागू नाही. तिथे पाकीट उघडून हात लावून बघतंय कोण? रंग उठावदार हवा, काळा नको, आणि शंभर नगांचं बजेट बसलं पाहिजे. म्हणून मुरलेला दुकानदार माल काढण्याआधीच विचारतो, "घरात वापरायला, की द्यायला-घ्यायला?"