कोटेशन सातच दिवसांचं का? आमच्याकडनं कास्टिंग नेणाऱ्या सगळ्यांसाठी

नमस्कार मंडळी,

हल्ली निम्मे फोन एकाच गोष्टीसाठी येतात, "काय ओ मालक, आमची फॉरेनची पार्टी सहा महिन्यांचा रेट मागतीय आणि तुम्ही सात दिवसांचा देताय, कसं जमायचं?" प्रश्न बरोबर आहे. आमची फौंड्री कोल्हापूरजवळ शिरोलीत, तुम्ही कच्चं कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, नेऊन उद्यमनगरात नाहीतर गोकुळ शिरगावात मशिनिंग करता आणि पंप-व्हॉल्व्हचे पार्ट बाहेर पाठवता, म्हणजे आमचा रेट हलला की तुमची ऑर्डर हलते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, लोखंड महाग झालं म्हणून कुणी बुडत नाही. महाग तर सगळ्यांनाच महाग, तसं कोटेशन द्यायचं. माणूस बुडतो तो आज एक उद्या एक अशा भावानं, कारण आपल्यात रेट ठरतो त्या दिवशी माल बनत नाही. पीओ म्हणजे लेखी ऑर्डर येते, पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) होतो, सॅम्पल जातं, पास होतं, मग ओतकाम, फेटलिंग (ओतलेल्या मालाची साफसफाई), मशिनिंग, न्हावाशेवा बंदर, बोट, आणि त्यानंतर पैसे. पाच-सहा महिने कुठंच गेले नाहीत.

समजा कास्टिंग १०० रुपये किलोनं दिलं. त्यात पिग आयर्न (भट्टीतनं निघालेलं कच्चं लोखंड), स्क्रॅप, फेरो सिलिकॉन असा धातू ५५ चा, बाकी लाईट बिल, वाळू-रेझिन, मजुरी, आणि हातात राहिले ७. धातू २० टक्के चढला की ११ रुपये जास्त लागले. म्हणजे सात तर गेलेच, वर किलोमागं ४ रुपये घरचे घालायचे. आणि रोज जेवढं जास्त ओतू तेवढा तोटा जास्त.

हे आम्ही २०२२ ला भोगलंय. जानेवारीत एका पार्टीला सहा महिन्यांचा फिक्स रेट लिहून दिला होता. २४ फेब्रुवारीला रशियानं युक्रेनवर हल्ला केला, आणि पिग आयर्न जगाला विकण्यात हे दोन्ही देश मोठे. ८ मार्चला तर लंडनच्या मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला १ लाख डॉलरच्या वर गेलं आणि तिथं निकेलचा व्यवहारच थांबवायला लागला. आमच्या दारात काय झालं तर पिगचा ट्रक वजनकाट्यावर चढलेला, आणि तेवढ्यात सप्लायरचा फोन, कालचा रेट धरू नका. शब्द दिला होता तो पाळला, पण दोन पाळ्यांची एक करायला लागली, मोल्डिंगवरच्या पोरांना घरी बसवायला लागलं, ते अजून मनात सलतंय.

पुढं २२ मे पासून सरकारनं पिग आयर्नच्या निर्यातीवर १५ टक्के ड्युटी लावली, त्यामुळं देशात भाव खाली आले. तुम्ही म्हणाल बरं झालं की! पण आमच्या यार्डात महाग घेतलेला माल पडून, आणि पार्ट्या दुसऱ्याच दिवशी रेट कमी करा म्हणून बसल्या. १९ नोव्हेंबरला ड्युटी काढलीसुद्धा. चढताना मार आणि उतरतानाही मार, आणि लहान कारखान्याला हे झेपत नाही, मोठ्यांकडं निदान बँकेची कर्जाची लिमिट असते.

रुपया पडला की एक्स्पोर्टवाल्याची चांदी, असं सगळेच म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७४-७५ ला होता, ऑक्टोबरात ८२ च्या वर गेला. डॉलरमागं रुपये जास्त आले खरे, पण कोक, रेझिन, डिझेल, कंटेनरचं भाडं हे पण बऱ्याचदा डॉलरमागं वाढतं.

आणि जे आफ्रिकेत पंप पाठवतात त्यांनी हे नीट वाचा. नायजेरियाचे डॉलर मुख्यतः कच्च्या तेलातनं येतात. २०१४ च्या मध्यात तेल बॅरलला १०० डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ ला ३० च्या खाली. मधेच २०१५ ला तिथल्या सेंट्रल बँकेनं ४१ प्रकारच्या आयातीला डॉलर देणं बंद केलं, आणि तिथल्या कारखानदाराला मशीनचे पार्ट, कच्चा माल आणायला डॉलर मिळेनात. तेल तेजीत असलं तरी त्यांचं सुख नाही, चलन वधारतं आणि तिथं बनवलेला माल बाहेर महाग पडतो, मग कारखाना वाढवायला पैसा कोण घालणार? म्हणून गिऱ्हाईक तेल विकणाऱ्या किंवा झांबियासारख्या तांबं विकणाऱ्या देशातलं असलं तर उधारी देण्याआधी तेलातांब्याचा भाव बघा, एलसी (बँकेची पैशाची हमी) घ्या, ईसीजीसीचं कव्हर (निर्यातीचे पैसे बुडाले तर त्याचा सरकारी कंपनीचा विमा) घ्या.

म्हणून सगळा मिळून एकच रेट आम्ही सात दिवसांच्या पुढं धरत नाही, लांबच्या ऑर्डरीला आमची पद्धत आता अशी आहे. कोटेशनमध्ये धातूचा भाग वेगळा लिहितो, बाकीचा भाग वर्षभर तोच. धातूचा रेट दर महिन्याला आमच्या खरेदीच्या बिलांवरनं ठरतो, ३ टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तरच बदलतो, आणि खाली आला तर खाली पण करतो. फिक्सच पाहिजे असेल तर ४० टक्के ॲडव्हान्स द्या, तुमच्या ऑर्डरपुरतं पिग त्याच दिवशी घेऊन ठेवतो, मग बाजार कुठंही जाऊ दे. तुम्ही पण तुमच्या फॉरेनच्या पार्टीकडं असाच क्लॉज मागा, मागायला लाजू नका, तिकडच्या बऱ्याच कंपन्यांना मेटल सरचार्ज, म्हणजे धातूच्या भावाप्रमाणं बदलणारा वेगळा आकार, ओळखीचा आहे.

महिन्याचा पिग आणि स्क्रॅपचा सरासरी रेट १ तारखेला ऑफिसच्या दाराजवळच्या फळ्यावर खडूनं लिहिलेला असतो. येता-जाता बघा, बिलं मागितली तर फाईल टेबलावरच असते.