करंट दिसतो, तरी गाडी का उठत नाही?

जुनी यझदी, राजदूत किंवा बुलेट किकला दाद देईना, की नाशिकच्या गॅरेजांत पहिली परीक्षा ठरलेली. प्लग काढायचा, कॅपमध्ये बसवून इंजिनाला टेकवायचा, किक मारायची. ठिणगी दिसली की ‘करंट आहे’ म्हणून सगळे कार्बोरेटरच्या मागे लागतात. इथेच पुष्कळदा फसगत होते.

प्लगची फट जेमतेम 0.6 ते 0.7 मिलिमीटर. मोकळ्या हवेत ती ओलांडायला तीनेक हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मात्र पिस्टनने मिश्रण कित्येक पट दाबलेलं असतं, आणि दाब वाढला की ठिणगीला लागणारा व्होल्टेजही चढतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी 1889 मध्येच हे नातं मांडलं. म्हणून बाहेर उडणारी लालसर, मरतुकडी ठिणगी आत गेल्यावर उडेलच असं नाही. पॉइंटच्या (प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या यांत्रिक स्विचच्या) गाडीत ती निळसर-पांढरी हवी, आणि पाच-सहा मिलिमीटर फटीवरूनही उडाली तर कॉइलमध्ये, म्हणजे व्होल्टेज चढवणाऱ्या तारेच्या गुंडाळीत, दम आहे. (ही तपासणी करताना प्लगचा लोखंडी भाग इंजिनाला घट्ट टेकलेला असू द्या, आणि प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते हे विसरू नका.)

मरतुकडेपणाचं मूळ बहुधा पॉइंटजवळ सापडतं. पॉइंट उघडताच कॉइलमधला प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि 6 किंवा 12 व्होल्टच्या बॅटरीवर हजारो व्होल्ट तयार होतात. क्षेत्र जितकं झटकन कोसळेल तितका जोर जास्त. प्रवाह झटकन तुटावा म्हणून कंडेन्सर असतो. तो गेला की पॉइंटच्याच फटीत करंट उडत राहतो आणि प्लगपर्यंत उरलंसुरलंच पोचतं. झाकण काढून सावलीत बघा: बारीक ठिपका चालतो, लखलखाट होत असेल तर कंडेन्सर बदला. पॉइंट काळे पडून खड्डे पडले असतील तर तेही बदला. पॉलिश पेपर मारणं ही घरी पोचण्यापुरती सोय.

सगळ्यात छळतो तो गरम झाल्यावरचा बिघाड. मुंबईहून येताना कसारा घाट चढेपर्यंत गाडी ठणठणीत, वर आली की मिस मारते, मग बंदच. अर्ध्या तासाने पहिल्या किकला चालू! तांब्याचा रोध 50 अंशांनी तापल्यावर सुमारे 20 टक्के वाढतो, पण तेवढं धडधाकट कॉइल सोसते. खरी फितुरी आतल्या इन्सुलेशनची: तापलं की हजारो व्होल्ट तिथून निसटतात. गार कॉइलला मल्टिमीटर लावून ‘ओके’ म्हणण्यात म्हणून फारसा अर्थ नाही. गाडी बंद पडल्या जागीच, तापलेली असताना ठिणगी बघावी. ती नसेल तर आधी कंडेन्सर बदलून पाहावा, कारण तो कॉइलपेक्षा पुष्कळ स्वस्त.

त्र्यंबकच्या पावसात भिजल्यावर रुसणाऱ्या गाडीचं निदान सोपं. अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरकडे आणि कॅपकडे नुसतं बघा, हात लावू नका. निळ्या रेघा सरपटताना दिसल्या, तर वायर आणि कॅप दोन्ही बदला.