कोळशाच्या जिल्ह्यातले वाचक : 'हंगर गेम्स' आणि विदर्भातली एक पिढी

वणी, घुग्गुस, राजुरा या पट्ट्यात वाढलेल्या पोराला 'हंगर गेम्स'चं पहिलं प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. खाणीतून कोळसा निघतो, गाड्या भरून बाहेर जातो आणि खाणीच्या उशाशी असलेल्या गावात मात्र संध्याकाळी लाइन नसते. सुझान कॉलिन्सच्या कादंबरीतला बारा नंबरचा जिल्हा नेमका असाच आहे. खाणकामगारांची वस्ती, वीज दिवसातून थोडेच तास, पण राजधानीला टीव्हीवर काही दाखवायचं असलं की वीज हमखास. दाखवायचा असतो तो खेळ : दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून चिठ्ठी काढून एक मुलगा आणि एक मुलगी निवडायची आणि एकच उरेपर्यंत त्यांना एकमेकांना मारायला लावायचं. अमेरिकेत ही मालिका भविष्यकथा म्हणून खपली. आमच्याकडच्या पोट्ट्यांनी ती वाचली, पण 'भविष्य' हा शब्द त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकला. यामागे दोन वेगवेगळे इतिहास आहेत आणि ते २००८ ते २०१२च्या सुमारास एकमेकांना येऊन भिडले.

पहिला इतिहास पुस्तकांचा. टॉमस मोरने १५१६ साली आदर्श बेटाची कल्पना मांडली, त्याच्या उलट्या बाजूची कादंबरी जोरात आली ती विसाव्या शतकात. रशियाच्या झाम्यातिनची 'वुई' १९२४ साली इंग्रजीत छापली गेली, कारण मायदेशी तिला बंदी होती. हक्सलेची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' १९३२ची, ऑर्वेलची '१९८४' ही १९४९ची. ऑर्वेलचा जन्म बिहारात मोतीहारीचा आणि बाप सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. शेतकऱ्याने काय पेरायचं आणि ते काय भावाने द्यायचं हे सरकारच ठरवणार, असं ते खातं. लेखकावर त्याचा काही परिणाम झाला असं म्हणायचं नाही, पण कापूस पिकवणाऱ्या मुलखात हा तपशील लक्षात राहतो.

ही सगळी पुस्तकं मोठ्या माणसांची. नायक थकलेला, चाळिशीकडे झुकलेला, शेवटी हरणारा. सूत्र पोरांच्या हाती आलं ते लोइस लौरीच्या 'द गिव्हर'पासून, १९९३ साली, आणि तिथला नायक बारा वर्षांचा आहे. पुढे १४ सप्टेंबर २००८ रोजी 'हंगर गेम्स'चा पहिला भाग आला, २००९ आणि २०१० साली पुढचे दोन. कॉलिन्सने मुलाखतींतून सांगितलेली गोष्ट अशी की रात्री टीव्हीचे चॅनेल बदलताना एकीकडे रिअॅलिटी शो चालला होता, दुसरीकडे इराकमधलं युद्ध, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायला लागले. दुसरा धागा ग्रीक पुराणातला. अथेन्सने सात मुलगे आणि सात मुली क्रीटला पाठवायच्या आणि तिथे मिनोटॉर नावाच्या राक्षसाने त्यांना खायचं.

मराठी घरात यासाठी ग्रीसला जावं लागत नाही. एकचक्रा नगरी आणि बकासुर सगळ्यांना ठाऊक आहेत. गाडाभर अन्न, रेडे आणि ते घेऊन जाणारा एक माणूस, घरटी पाळीने. आपण ती गोष्ट भीमाच्या पराक्रमासाठी सांगतो, त्यामुळे तिच्यातलं एक वाक्य सुटून जातं. ज्या ब्राह्मणाची पाळी आलेली असते तो म्हणतो, दुसरा माणूस विकत घेऊन पाठवायला माझ्यापाशी पैसा नाही. म्हणजे पाळी सगळ्यांची, पण जायचं गरिबाने. कॉलिन्सच्या कथेत हाच हिशेब आणखी बारकाईने मांडला आहे. बारा ते अठरा वर्षांच्या प्रत्येकाची चिठ्ठी काचेच्या गोळ्यात पडते, पण वर्षभराचं धान्य आणि तेल हवं असेल तर माणशी एक चिठ्ठी जास्त टाकायची. सोळा वर्षांच्या नायिकेच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या आहेत, तिच्या अठरा वर्षांच्या मित्राच्या बेचाळीस. रेशनच्या दुकानात अंगठा लावणाऱ्या, न उमटल्यास दोन फेऱ्या मारणाऱ्या घरातलं पोर हे वाचताना पान उलटत नाही, थांबतं.

दुसरा इतिहास वाचकांचा आणि त्यात एक साल महत्त्वाचं आहे. २००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्यावर तेव्हा वाद खूप झाला, 'गुरुजींनाच येत नाही तर पोरांना काय शिकवतील' हे आमच्याकडे सर्रास बोललं गेलं. पण त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरं २००८ साली नववीत होती आणि २०१२च्या मार्चमध्ये चित्रपट आला तेव्हा बारावीची परीक्षा देत होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या, इंग्रजी बोलताना अडणाऱ्या पण वाचताना रेटून नेणाऱ्या वाचकांची ही पहिली मोठी तुकडी. कॉलिन्सची वाक्यं आखूड, वर्तमानकाळात, नायिकेच्याच तोंडून. त्यांना ऑर्वेल जड गेला असता, ही गेली नाही.

त्याच पोरांचं बालपण कापसाच्या पडझडीत गेलं आणि पार्श्वभूमीचा खरा जड भाग हा आहे. वऱ्हाडाला एकाच मालासाठी ओळखायला सुरुवात झाली ती अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५. तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्यांना इकडचा हवा झाला, १८६७ साली रेल्वे नागपुरापर्यंत पोचली. एका जिल्ह्याने एकच माल पिकवायचा आणि भाव दुसरीकडे ठरायचा, ही कादंबरीतली रचना इथे कोणाला कल्पनेची वाटणार? नव्वदीच्या दशकाच्या शेवटापासून शेतकरी आत्महत्या वाढत गेल्या. २००६च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन गेले, पश्चिम विदर्भाच्या पाच जिल्ह्यांना आणि वर्ध्याला मिळून ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आणि कॅमेरे आले. घरासमोर गाडी थांबायची, बाईला हार घातलेला फोटो घेऊन ओट्यावर बसवलं जायचं, उजेड कमी पडतो म्हणून पुन्हा बसवलं जायचं. बाजूला उभी असलेली अकरा-बारा वर्षांची पोरं हे बघत होती. कादंबरीत मरायला निघालेल्या मुलांना आधी नटवतात, मुलाखतीला बसवतात, रडू येईल अशी गोष्ट सांगायला शिकवतात, कारण गोष्ट चांगली असली तरच वरून मदत येते. समीक्षकांनी याला माध्यमांवरची टीका म्हटलं. इथल्या वाचकांना त्यासाठी टीका-बिका शब्द लागले नाहीत.

गंमत म्हणजे हा मुलूख मुळात आदर्श गावांच्या स्वप्नांचा. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले, पलीकडे पवनारला विनोबा, मोझरीला तुकडोजी महाराज. महाराजांच्या 'ग्रामगीते'चे ४१ अध्याय म्हणजे चांगलं गाव कसं असावं याचा ओवीबद्ध आराखडाच, आणि तो अजून घरोघरी वाचला जातो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हटलं आणि २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. आजी 'ग्रामगीता' वाचते आणि नात 'हंगर गेम्स'मधल्या पॅनेम देशाच्या राजधानीबद्दल वाचते, एकाच ओसरीवर. दोघींची भांडणं मी ऐकली आहेत, ती टीव्हीच्या रिमोटवरून होतात, पुस्तकांवरून नाही.

पुस्तकं पोचली कशी, हे थोडक्यात. १९६७च्या ग्रंथालय कायद्याने गावोगाव 'ड' वर्गाची वाचनालयं उभी राहिली, पण तिथे बालविभाग संपला की थेट ऐतिहासिक कादंबरी. मधल्या वयाचं कपाटच नव्हतं. मग नागपूरला कॉलेजला गेलेला भाऊ सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुनी प्रत आणायचा आणि ती मळेपर्यंत फिरायची. २०१६ साली डेटा स्वस्त झाला, तेव्हापासून फोनवर पीडीएफ. रात्रीच्या लाइनवर ओलीत करायला बापासोबत गेलेला एक पोरगा मोटारीच्या खोलीत बसून वाचायचा, बांध फुटला की उठायचा.

व्हेरोनिका रॉथची 'डायव्हर्जंट' (२०११) त्याच लाटेतली. सोळाव्या वर्षी चाचणी द्यायची आणि जन्मभराचा गट निवडायचा. दहावीनंतर शिकायला लातूर की नागपूर, हा प्रश्न घरात पेटलेला असताना ती वाचली जाते, म्हणून मुलींना आवडते. माझ्या मते ती कॉलिन्सच्या जवळपासही जात नाही. २०१३नंतर लाट ओसरली, सारख्याच मुशीतल्या कथा येत राहिल्या आणि वाचक कंटाळले. कॉलिन्सने मात्र २०२० आणि २०२५ साली मागे जाऊन दोन भाग लिहिले. वाद अजूनही मूळच्या तिसऱ्या भागावरच होतो. त्यात बंड जिंकतं, पण बंडाची पुढारीणही राजधानीसारखीच वागू लागते आणि नायिका तिच्यावरच बाण सोडते. आंदोलनं, मोर्चे, कर्जमाफीच्या याद्या पाहिलेल्या घरांतली पोरं या शेवटावर दोन तट करून भांडतात. निम्म्यांना तो फसलेला वाटतो, निम्म्यांना तेवढाच खरा.