वज्राबाई गुंजहून वडवलीला कशी आली

ठाणेकराला तानसा माहीत असते ती पाइपातली. १८९२ साली शहापूरच्या बाजूला धरण झालं आणि तेव्हापासून ते जाडजूड नळ आपल्या वस्त्यांना खेटून मुंबईकडे पाणी नेत आहेत. नळ दक्षिणेला जातात, नदी मात्र पश्चिमेला वैतरणेकडे वळते. तिच्याच काठावर भिवंडी तालुक्यात वडवली आहे. गावाचं हे नाव आता मागे पडलंय. एसटीचा कंडक्टरसुद्धा ‘वज्रेश्वरी’ म्हणूनच तिकीट फाडतो. जुनी माणसं, विशेषतः आगरी-कोळी घरांतली, देवीला वज्राबाई म्हणतात, आणि मला तेच जवळचं वाटतं.

चैत्र अमावास्येच्या यात्रेला पालखी निघते, तेव्हा ‘ही देवी इथलीच का?’ असं कुणी विचारत नाही. पण ती मूळची इथली नाही.

आधी नावाची गोष्ट. वसिष्ठ ऋषींनी या भागात त्रिचंडी यज्ञ मांडला आणि इंद्राला हविर्भाग द्यायचा राहिला. लग्नात मानपानावरून रुसणारे पाहुणे आपण पाहतोच, हा तर देवांचा राजा. त्यानं थेट वज्रच फेकलं. वसिष्ठांनी देवीचा धावा केला, देवी प्रकटली आणि तिनं ते वज्र गिळून टाकलं. पुढे रामानं तिला इथेच राहण्याची विनंती केली आणि ती वज्रेश्वरी झाली. दुसरी कथा बरोबर उलटी आहे. तिच्यात कलिकाल नावाचा दैत्य आहे. त्याच्यावर इंद्रानं टाकलेलं वज्र त्यानं मोडलं, आणि त्या मोडक्या वज्रातूनच देवी बाहेर पडून तिनं त्याला मारलं. एका कथेत वज्र देवीच्या पोटात जातं, दुसरीत देवीच वज्राच्या पोटातून येते. देवळात दोन्ही सारख्याच श्रद्धेनं सांगतात. मला पहिली जास्त आवडते, कारण तिच्यात देवी शस्त्र न उचलताच इंद्राची जिरवते.

इथल्या टेकड्या म्हणजे परशुरामाच्या यज्ञाची राख, असंही सांगतात. देवीच्या उजव्या-डाव्या बाजूंना ज्या मूर्ती आहेत, त्यांत परशुरामाची आई रेणुका आहे, कालिका आहे आणि परशू घेतलेला खुद्द परशुरामही आहे. आता गुंजकडे वळू. वडवलीच्या उत्तरेला, आठेक किलोमीटरवर, वाडा तालुक्यातलं गुंज-काटी. देवीचं मूळ स्थान ते. तिथलं देऊळ पोर्तुगिजांनी पाडलं आणि देवी वडवलीला आली, असं देवस्थानची परंपरा सांगते.

वसई १५३४ च्या तहानं पोर्तुगिजांकडे गेली होती. मराठ्यांची मोहीम सुरू झाली ती आपल्या ठाण्यापासून. मार्च १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला पडला, तोच आज मध्यवर्ती कारागृह म्हणून उभा आहे. वसई मात्र हाती येईना. समुद्र, खाडी आणि दलदल यांनी वेढलेला तो कोट दोन वर्षं झुंजत राहिला. याच काळात चिमाजी आप्पांचा मुक्काम वडवलीला पडला आणि त्यांनी देवीला नवस केला, की वसई मिळाली तर तुझं देऊळ बांधीन. नवस परंपरेतला आहे. पुढचं मात्र इतिहासात आहे. सुरुंग लावून बुरूज उडवले गेले, दोन्हीकडची माणसं ढिगानं पडली आणि मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांनी कोट खाली केला. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाटल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांतलीच, तिच्यावर १७२१ साल आहे.

वज्राबाईच्या वाट्याला अख्खं देऊळ आलं. वसईचे नवे सुभेदार शंकराजी केशव फडके यांनी ते बांधून घेतलं. म्हणूनच ते किल्ल्यासारखं दिसतं. भोवती दगडी तट, दारावर नगारखाना. हा नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांचा. पायऱ्या आणि दीपमाळ नाशिकचे सावकार नानासाहेब चांदवडकर यांची. पेशव्यांच्या भावाचा नवस, सुभेदाराचं बांधकाम, संस्थानिकाचा नगारखाना आणि सावकाराच्या पायऱ्या असं सगळं एका टेकडीवर जमलं आहे. ती टेकडी आधीपासूनच पूज्य असावी असं मला वाटतं, कारण मागच्या बाजूला गिरी गोसावी पंथातल्या गोधडेबुवांची समाधी आहे आणि बुवा सतराव्या शतकातले.

पायऱ्या ५२ आहेत. चढताना एका पायरीपाशी रांग थबकते. त्या पायरीवर सोनेरी कासव आहे, विष्णूचा कूर्मावतार म्हणून त्याची पूजा होते. हळदकुंकवाच्या थरात त्याचे पाय बुजलेले असतात. बायका वाकून नमस्कार करतात, पोरं ‘पाय नको लावूस’ ऐकून त्यावरून उडी मारतात.

आता गरम पाणी. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी या पट्ट्यात नदीच्या आसपास गरम झरे आहेत. देवीनं मारलेल्या दैत्यांचं रक्त म्हणजे हे पाणी, अशी समजूत. भूगर्भाचे अभ्यासक वेगळं सांगतात. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल जातं, तिथं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. कोकणात पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, संगमेश्वराकडचं तुरळ, राजवाडी अशी गरम पाण्याची रांगच लागलेली आहे, वज्रेश्वरी त्याच रांगेतली. कुंडात उतरलात तर गंधकाचा वास अंगाला चिकटतो आणि घरी येईपर्यंत टॉवेलला येत राहतो. पहिल्यांदा पाय टाकताना हमखास ‘आई गं’ निघतं, आणि शेजारचा म्हातारा छातीभर पाण्यात बसून हसत असतो. गणेशपुरीला भीमेश्वराचं देऊळ आणि नित्यानंद स्वामींची समाधी आहे. स्वामी १९६१ साली गेले. त्यांची गोष्ट मोठी आहे, ती इथे नको.

भिवंडीहून वाडा रस्त्याला लागायचं, अंबाडी नाक्यावर डावीकडे वळायचं. गुंजला जाणारे तिथून सरळ पुढे निघतात, पण ते फार थोडे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, वाडा तालुका तिकडे गेला आणि भिवंडी ठाण्यात राहिली. तेव्हापासून वज्राबाईचं माहेर पालघरात आहे आणि ती नांदते ठाण्यात.