रोहित्र, कार्ट्रिज आणि फोनो स्टेज यांची जुळवणी

रेकॉर्ड प्लेअरवर सुईचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग म्हणजे कार्ट्रिज, आणि तो संकेत अॅम्प्लिफायरसाठी वाढवणारे उपकरण म्हणजे फोनो स्टेज. मूव्हिंग कॉइल जातीच्या कार्ट्रिजमधून निघणारा अतिक्षीण संकेत साध्या फोनो स्टेजला पुरेल इतका वाढवण्यासाठी मध्ये जे छोटे रोहित्र जोडतात, त्याला स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंच्या वेटोळ्यांतील फेऱ्यांचे गुणोत्तर पुढच्या-मागच्या दोघांनाही मानवेल असे निवडणे म्हणजे जुळवणी. रस्त्याकडेच्या डीपीतले रोहित्र आणि हे, तत्त्व एकच. याला स्वतःला वीज लागत नाही आणि त्यामुळे याची सूंसूंही जवळजवळ नसते. अर्थात बाकीच्या साखळीला वीज लागतेच, तेव्हा वादळात लाइट गेली की कोकणातल्या रसिकाला हा गुण काही कामाचा नाही.

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देते आणि बहुतेक फोनो स्टेज तिच्याच हिशोबाने बांधलेल्या असतात: ४७ किलोओहमचा भार (ओहम जितके कमी, तितका भार जड), सुमारे ४० डेसिबल वर्धन. मूव्हिंग कॉइलमध्ये सुईबरोबर चुंबकाऐवजी तारेचे वेटोळे हलते. ते हलके राहावे म्हणून फेरे मोजके, आणि म्हणून व्होल्टेजही मोजके. १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी घडवलेली डेनॉन डीएल-१०३ ही ०.३ मिलिव्होल्ट देते. तिचा अंतर्गत संरोध, म्हणजे इम्पिडन्स, ४० ओहम. ऑर्टोफोनच्या मूळ एसपीयू या अशाच कार्ट्रिजचा संरोध अवघा २ ओहमच्या आसपास, व्होल्टेज ०.२ मिलिव्होल्ट.

गुणोत्तर दुप्पट केले की आवाज दुप्पट, असे वाटते तिथेच हिशोब चुकतो. व्होल्टेज गुणोत्तराच्या पटीत वाढते हे खरे. पण फोनो स्टेजचा भार कार्ट्रिजला गुणोत्तराच्या वर्गाने भागलेला दिसतो. जुन्या बागायतीतला रहाट आठवावा: माळेला लोटे वाढवले की पाटात पाणी जास्त पडते, पण ओढ बैलाच्या खांद्यावर येते, आणि बैल अशक्त असेल तर रहाटच मंदावतो. १:१० घेतले तर ४७ किलोओहमचे ४७० ओहम दिसतात, १:२० ला सुमारे ११८, १:४० ला जेमतेम २९. डीएल-१०३ ला हे लावून पाहिले तर १:१० वर साधारण २.८ मिलिव्होल्ट मिळतात, १:२० वर ४.५ आणि १:४० वर फक्त ५.१. शेवटच्या दुपटीने पदरात फारसे काही पडत नाही. उलट कार्ट्रिजवर तिच्या स्वतःच्या संरोधाहून जड भार बसतो आणि आवाज दबल्यासारखा होतो. एसपीयूचा बैल मात्र दमदार. तिला १:३० सहज चालते. कार्ट्रिजच्या संरोधाच्या निदान दसपट भार दिसावा, हा ठोकताळा चांगला. पण डीएल-१०३ च्या बाबतीत तो मोडून १:१० ऐवजी १:२० लावणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे कान चुकीचे नाहीत. एक मर्यादा दुसऱ्या टोकालाही असते. रेकॉर्डवरचे जोरकस ठोके सरासरीच्या कितीतरी पट उंच जातात, आणि गुणोत्तर अती ठेवले तर फोनो स्टेजमध्येच आवाज फाटतो.

रोहित्रापासून फोनो स्टेजपर्यंतची वायर आखूड ठेवावी. तिची धारिता (कपॅसिटन्स) कार्ट्रिजच्या बाजूला वर्गपटीने वाढून दिसते आणि वरच्या सुरांत चरचर येऊ शकते.

कोकणात खरा छळ घरघरीचा. ५० हर्ट्झची घरघर रोहित्र आजूबाजूच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरकडून उचलते. म्हणून चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या म्यू-मेटल या मिश्रधातूचे कवच, आणि डबा अॅम्प्लिफायरपासून हातभर लांब. तरी राहिली तर डबा जागच्या जागी हळूहळू फिरवावा. एका कोनात ती एकदम खाली बसते. जांभ्याच्या सड्यावरच्या घरात वैशाखात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अॅडॉप्टरची गळती उपकरणाच्या धातूच्या सांगाड्यावरच साचते. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून बादलीभर पाणी ओतणे हा जुनाच उपाय. टर्नटेबल, रोहित्र आणि फोनो स्टेज यांच्या अर्थच्या तारा एकाच स्क्रूवर आणाव्यात. घरघर घालवायला प्लगची तिसरी पिन काढून टाकू नये. त्यात जीव जाऊ शकतो.

वायरमन सवयीने मल्टिमीटर लावून ‘कॉइल चालू आहे का’ बघतो. इथे ते करू देऊ नये. ओहम मोजताना मीटर सोडतो तो डीसी प्रवाह रोहित्राचा गाभा चुंबकित करतो आणि कार्ट्रिजचे केसासारखे वेटोळे जाळूही शकतो.

श्रावणात मालवण-वेंगुर्ल्याकडे खाऱ्या हवेने हेडशेलमधल्या (टोनआर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसवतात त्या भागातल्या) क्लिपांवर हिरवट थर चढतो. एक चॅनल मध्येच गायब झाला की गुणोत्तराला दोष देण्याआधी लाल, हिरवी, पांढरी, निळी या चारही तारा चिमट्याने एकेक उतरवून पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. क्लिप सैल झाली असेल तर ती पिनेवरून काढून, बाहेर धरून किंचित दाबावी. कार्ट्रिजच्या पिनेला सोल्डरचा डाग मात्र कधीही देऊ नये.