लघवीतल्या जंतूची वंशावळ

एप्रिल उजाडला की सोलापुरात 'उन्हाळी लागली' हे घराघरांत ऐकू येतं. लघवीला जळजळ, थेंबथेंब होणं, ओटीपोटात कळ. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक यांवर दोन दिवसांत उतरली तर ती उन्हाळी. थंडी वाजून ताप भरला की तिचं 'युरिन इन्फेक्शन' होतं आणि प्रकरण लॅबपर्यंत जातं. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांना तर उन्हाळ्याचीही वाट पाहावी लागत नाही. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कातरलेली पानं. मजुरी हजार विड्यांवर, मग सारखं उठणं परवडत नाही, म्हणून पाणीच बेताचं प्यायचं.

लॅबमधून येतो तो कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट. वर जंतूचं नाव, बहुतेक वेळा ई. कोलाय. खाली औषधांची रांग, प्रत्येकापुढे एस किंवा आर. एस म्हणजे औषध लागू पडेल, आर म्हणजे जंतू दाद देत नाही. नात्यातल्या एका बाईंचा असा रिपोर्ट वाचताना माझं बोट आर, आर, आर करत खाली सरकलं आणि नायट्रोफ्युरँटॉइनपाशी थांबलं. ते औषध १९५३ सालचं! नवी, महागडी औषधं वर नापास होऊन पडलेली आणि हे जुनं खोड अजून पास.

हे आर आले कुठून? ई. कोलाय हा मूळचा आतड्यातला रहिवासी. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली म्युनिकमध्ये तान्ह्या बाळांच्या शौचातून तो वेगळा काढला. आतड्यात तो निमूट असतो, मूत्रमार्गात शिरला की त्रास. लघवीत किती जंतू म्हणजे खरा संसर्ग, हे बोस्टनच्या एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात ठरवलं: एका मिलिलिटरमागे एक लाख. तो आकडा आजही रिपोर्टवर दिसतो.

१९६२ मध्ये लघवीच्या संसर्गावरचं नॅलिडिक्सिक अॅसिड आलं. मलेरियाच्या क्लोरोक्विनवर काम चालू असताना हाती लागलेला हा उपपदार्थ. त्याच घराण्यातली नॉरफ्लॉक्सॅसिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन १९८० च्या दशकात बाजारात आली, आणि आपल्याकडे ती मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठीविना मिळू लागली. दोन गोळ्या घ्यायच्या, जळजळ थांबली की उरलेली पट्टी डब्यात. पुढच्या वेळी शेजारणीला.

जंतू मात्र पट्टी अर्धी टाकत नव्हते. जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ च्या सुमारास दाखवून दिलं होतं की हगवणीचा शिगेला आणि ई. कोलाय एकमेकांना औषधप्रतिकार देऊ शकतात. प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर तो प्रतिकार असतो आणि हे वर्तुळ एका जातीतून दुसऱ्या जातीत जातं. वारसा फक्त आईकडून लेकीला नव्हे, शेजारणीकडूनही. म्हणून जंतूची वंशावळ मांडताना नुसतं घराणं पाहून भागत नाही, उसनवारीही पाहावी लागते. लॅबमध्ये जंतू वाढवून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवतात ती प्लेट ही उसनवारी दाखवत नाही. चकतीभोवती जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजून ती एस की आर एवढं सांगते. हा आर कुठल्या जनुकामुळे आला, ते जनुक कुणाकडून आलं, यावर ती गप्प.

त्यासाठी जंतूचा सगळा डीएनए, म्हणजे जिनोम, अक्षर-अक्षर वाचावा लागतो. १९९७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ई. कोलायच्या के-१२ या प्रयोगशाळेत पाळलेल्या वाणाची ४६,३९,२२१ अक्षरं वाचून झाली. पण के-१२ हा गरीब गाईसारखा. मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेलेल्या एका बाईच्या रक्तातून मिळालेला सीएफटी०७३ हा वाण २००२ मध्ये वाचला, तेव्हा तो ५२ लाख अक्षरांहून मोठा निघाला. के-१२, अन्नातून विषबाधा करणारा एक वाण आणि हा, या तिघांत सामाईक प्रथिनं ४० टक्क्यांहूनही कमी. नाव एक, आडनाव एक, आणि घरं इतकी वेगळी.

२००८ मध्ये ई. कोलायचं एक घराणं चर्चेत आलं: एसटी१३१. सिप्रोला न जुमानणारं आणि तीन खंडांत एकाच वेळी सापडलेलं. पुढे शेकडो जिनोम शेजारी ठेवून पाहिले तेव्हा कळलं की त्याची मुजोर शाखा १९८० च्या दशकात फोफावू लागली, म्हणजे ही औषधं आली त्याच सुमारास. या शाखेच्या पदरी बहुधा असतं ते सीटीएक्स-एम-१५ हे एन्झाइम, सेफॅलोस्पोरिन औषधं तोडणारं. ते प्रथम नोंदलं गेलं ते नवी दिल्लीतल्या १९९९ च्या नमुन्यांतून.

इथे एक गंमत आहे. सीटीएक्स-एममधला एम म्हणजे म्युनिक. व्हीआयएम या अशाच दुसऱ्या एन्झाइममधला व्ही म्हणजे इटलीतलं व्हेरोना. त्यावरून कुठे गदारोळ झाल्याचं ऐकलं नाही. पण दिल्लीच्या रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत २००८ मध्ये कार्बापेनेम या राखीव औषधांनाही न जुमानणारा क्लेब्सिएला नावाचा जंतू सापडला आणि त्याच्या जनुकाला एनडीएम-१, म्हणजे 'न्यू दिल्ली', नाव पडलं. २०१० मध्ये संसदेपर्यंत आरडाओरड झाली. ज्या 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाच्या भावंड-नियतकालिकातून वाद पेटला, त्या 'लॅन्सेट'च्या संपादकांनी २०११ मध्ये नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. नावाबद्दलची तक्रार मला अगदीच गैर वाटत नाही. पण त्या नादात मूळ गोष्ट बाजूला पडली: त्याच रुग्णाच्या शौचातल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक होतं, वेगळ्या आकाराच्या प्लाझ्मिडवर. उसनवारी बहुधा त्याच्या पोटातच झाली होती.

त्यानंतर हालचाल झाली. मार्च २०१४ पासून औषधविक्रीच्या नियमांतलं शेड्यूल एच-१ लागू झालं, तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स आणि कार्बापेनेम विकताना दुकानदाराला रजिस्टरमध्ये नोंद ठेवणं बंधनकारक झालं. २०१७ मध्ये औषधप्रतिकाराविरुद्धचा राष्ट्रीय कृती आराखडा आला. जिनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे हेच डीएनए-वाचन, हा शब्द आपल्या कानावर पडला तो मात्र कोविडमध्ये, 'नमुना पुण्याला पाठवला' या बातम्यांतून. तळहाताएवढी सिक्वेन्सिंगची यंत्रं २०१४ पासूनच निघाली आहेत. वारंवार त्रास होणाऱ्या बाईला जुनाच जंतू पुन्हा उठला की नवा शिरला, वॉर्डातल्या चार रुग्णांचा जंतू एकच आहे का, हे ती सांगू शकतात. उद्या सकाळी कोणती गोळी द्यायची, हे मात्र अजून प्लेटच ठरवते.

आणि प्लेट असो की यंत्र, सुरुवात एका लहानशा बाटलीपासून. लघवीचा नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचायला हवा, नाहीतर फ्रिजमध्ये हवा. शहराजवळच्या कुंभारीहून सिव्हिलला निघालेल्या बाईच्या पिशवीत ती बाटली बेचाळीस अंशांच्या उन्हात, रिक्षा भरेपर्यंत, मग केसपेपरच्या रांगेत. उबेत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. नमुना घेताना शिरलेला एखादा बाहेरचा जंतूही तोवर लाखाचा टप्पा गाठतो, आणि मग वाचायची ती वंशावळ भलत्याचीच.