मेंदूचा मलेरिया : झटके थांबले, पण मृत्यू वाढले

फाल्सिपॅरम या मलेरियाच्या परजीवीने भरलेल्या तांबड्या पेशी मेंदूच्या केशवाहिन्यांत अडकतात, हे शवविच्छेदनांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत दिसलं होतं. त्यावर उपाय म्हणून पुढची कित्येक दशकं क्विनाइन आणि नशीब. मेंदूला सूज असणारच, असं धरून डॉक्टर स्टेरॉइडही देत. 1982 मध्ये थायलंडमधल्या 100 रुग्णांच्या चाचणीने ती सवय मोडली. मृत्यू कमी झाले नाहीत, उलट बेशुद्धी लांबली आणि न्यूमोनिया व पोटातला रक्तस्राव वाढला.

खरा वाद झाला तो फेनोबार्बिटोन या झटके रोखणाऱ्या औषधावरून. बेशुद्ध मुलाला वारंवार झटके आले की मेंदूचं नुकसान वाढतं, म्हणून ते येण्याआधीच रोखावेत, हा विचार सरळ होता. सगळे झटके डोळ्यांना दिसतातच असंही नाही. कधी ओठाचा कोपरा फडफडतो, कधी एकच बोट हलतं, बाकी अंग शांत आणि ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखावर, मात्र धुमाकूळ. 1988 मध्ये थायलंडच्या 48 रुग्णांत एका इंजेक्शनने झटके बरेच घटले होते. मग केनियात 340 मुलांवर, वजनाच्या किलोमागे 20 मिलिग्रॅम, अशा मोठ्या डोसची चाचणी झाली. निकाल 2000 साली आला. झटक्यांचं प्रमाण 27 टक्क्यांवरून 11 वर आलं, पण मृत्यू 8 टक्क्यांऐवजी 18 टक्के. 14 विरुद्ध 30 मुलं. अनेकांचा श्वास थांबला होता, आणि ज्यांना डायझेपाम या झटके थांबवणाऱ्या दुसऱ्या औषधाचे तीन किंवा जास्त डोस मिळाले त्यांना धोका सर्वाधिक होता.

यानंतर झटके टाळण्यासाठी सरसकट फेनोबार्बिटोन देणं मागे पडलं. ते योग्यच झालं. पण ‘औषधच वाईट’ हा निष्कर्ष मला अर्धवट वाटतो. श्वास मंदावलेल्या मुलाला लावायला तिथे व्हेंटिलेटर नव्हता. मग त्या 18 टक्क्यांत औषधाचा वाटा किती आणि सोयींच्या अभावाचा किती, हे त्या चाचणीतून वेगळं काढता येत नाही. डोस कमी असता तर काय झालं असतं, हेही नाही.

जीव वाचवण्यात मोठा फरक पडला तो आर्टेसुनेट या मलेरियाच्या औषधाने. 2010 मध्ये आफ्रिकेतल्या 5425 मुलांत क्विनाइनच्या तुलनेत मृत्यू 10.9 वरून 8.5 टक्क्यांवर आले. वाचलेल्यांत मागे राहणारं मेंदूचं अपंगत्व मात्र घटलेलं दिसलं नाही. युगांडात मेंदूच्या मलेरियातून उठलेल्या मुलांपैकी साधारण चौथ्या हिश्शाची आकलनशक्ती दोन वर्षांनंतरही कमी भरली होती.

सूज पुन्हा चर्चेत आली ती 2015 मध्ये, मलावीतल्या एमआरआयमुळे. दगावलेल्या 25 मुलांपैकी 21 जणांचा मेंदू प्रचंड सुजलेला होता. सूज उतरवणारं मॅनिटॉल तोवर आपल्याकडे फसलं होतं. 2011 मध्ये ओडिशातल्या राउरकेलातल्या प्रौढ रुग्णांत त्याचा फायदा झाला नाही, उलट शुद्धीवर यायला वेळ लागला. ओडिशा-छत्तीसगड-गडचिरोली या फाल्सिपॅरमच्या पट्ट्यासाठी हा निकाल जवळचा. राउरकेलातल्याच पुढच्या एमआरआयमध्ये असं दिसलं की दगावणाऱ्या प्रौढांत सुजेपेक्षा मेंदूला प्राणवायू न मिळणं ठळक असतं. म्हणजे मुलांचा उपाय मोठ्यांना लागू पडेलच असं नाही. मलावीत त्यानंतर मेंदू सुजलेल्या मुलांना लवकर व्हेंटिलेटरवर घेण्याची आणि शिरेतून जास्त तीव्रतेचं सलाइन देण्याची चाचणी हाती घेण्यात आली.